कॅप्टनची वंशावळ अडकते तेव्हा: एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी काढायची

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. सुनेच्या माहेरच्या घराण्यात वसाहतकाळातला एक मिलिशिया कॅप्टन आहे. नातवंडांना आईकडची वंशावळ नीट लिहून द्यावी म्हणून ११ वर्षांपूर्वी त्याचा शोध सुरू केला, आणि तेव्हापासून या कामाने मला सोडलेलं नाही. आता दर शनिवारी गावच्या वाचनालयात वंशावळीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसते. येणाऱ्यांच्या अडचणी वरवर निरनिराळ्या वाटतात, पण पूर्वज मिलिशिया अधिकारी असला की बिघाड जवळजवळ ठरलेला असतो. एकाच नावाची दोन माणसं, कधीकधी तीनही, कुणीतरी एकत्र करून टाकलेली असतात. हल्ली जावई किंवा सून अमेरिकन असलेल्या मराठी घरांतूनही विचारणा होते, म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रमच इथे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. १७७५ पूर्वी इंग्लंडच्या अमेरिकन वसाहतींत नागरिकांची सक्तीची स्थानिक फौज असे, ती मिलिशिया. मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण १६ ते ६० वयाच्या पुरुषांना कवायतीला यावंच लागे. गावच्या तुकडीवर कॅप्टन, लेफ्टनंट आणि एन्साइन असे तीन अधिकारी. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, रेजिमेंटवर कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर. म्हणजे गावोगावी कॅप्टन होते, आणि एकाच गावात एकामागून एक होत राहिले.

लक्षणं

खालीलपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी तुमचा कॅप्टन एक माणूस नाही असं धरून चाला.

पहिल्या आणि शेवटच्या मुलाच्या जन्मात ३० वर्षांहून जास्त अंतर आहे. एकाच वर्षी दोन गावांत मुलं जन्मली आहेत. बायको वारल्याची नोंद आहे, आणि तिच्याच नावावर पुढे दोन मुलं लावलेली आहेत. माणूस विशीच्या आत कॅप्टन झालेला दिसतो, किंवा पंचाहत्तरीला मोहिमेवर गेलेला. एका महिन्यात तो सरहद्दीवरच्या किल्ल्याच्या हजेरीपटावर आहे आणि त्याच महिन्यात घरी जमीन विकतो आहे. मृत्युपत्राची तारीख आणि मृत्यूची तारीख यांचा मेळ बसत नाही. इंटरनेटवरच्या ४० वंशवृक्षांत अगदी तेच आईवडील आहेत, पण प्रत्येकाचा पुरावा म्हणजे दुसरा वंशवृक्ष. आणि शेवटचं लक्षण: इंग्लंडमधल्या कुठल्यातरी चर्चमध्ये त्याच नावाच्या बाळाचा बाप्तिस्मा सापडला, जोडीला घराण्याचं मानचिन्ह लागलं, आणि मधल्या पुराव्याची जागा रिकामीच आहे.

तपासणी १: वंशवृक्षातल्या प्रत्येक विधानाचा पुरावा उघडा

खर्च काही नाही, वेळ तासभर. जन्म, लग्न, मुलं, हुद्दा, मृत्यू अशा प्रत्येक नोंदीवर जाऊन विचारा की हे कुणी आणि कधी लिहिलं. त्या काळातल्या माणसाने लिहिलेलं असेल तर ठेवा. दुसऱ्या वृक्षातून उचललेलं असेल तर पेन्सिलीने वेगळ्या कागदावर उतरवा आणि बाजूला ठेवा, फाडू नका. पुढे त्यातला एखादा धागा खरा निघतो.

उरलेल्या नोंदी वर्षाच्या क्रमाने एकाखाली एक लिहा. वर्ष, गाव, तो काय करत होता, त्याला काय म्हटलं आहे. हा चौथा रकाना लोक गाळतात, आणि माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं त्याच रकान्यात सुटतात. का, ते तिसऱ्या तपासणीत सांगते.

मॅसॅच्युसेट्समधल्या पुष्कळ गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत आणि फुकट वाचता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडायलाही पैसे लागत नाहीत. शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका. कुलकर्णी आणि कुळकर्णी आपल्याकडे अजून चालतं. तिथे तर एकाच कागदात एका माणसाचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलं आहे. सुरुवातीचं मोठं एफ पुष्कळदा दोन लहान एफ जोडून लिहीत, त्यामुळे यादी करणाऱ्याने ते भलत्याच अक्षराखाली टाकलेलं असतं.

तपासणी २: तारखा कोणत्या पंचांगाच्या आहेत ते बघा

हीसुद्धा फुकट, आणि चुकवू नये अशी. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहती जुनं ज्युलियन पंचांग वापरत आणि कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्या वर्षात जात. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि फेब्रुवारीतला खर्च आपण २०२३-२४ असा जोडवर्षात लिहितो. तिथले कारकूनही तसंच लिहीत. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१/३२. आज आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो. १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, म्हणून ११ दिवसांचा फरक.

सगळेच कारकून जोडवर्ष लिहीत नव्हते, आणि गोंधळ तिथे होतो. प्लिमथ वसाहतीचा कॅप्टन माइल्स स्टँडिश घ्या. वसाहतीतल्या लोकांनी त्याला १६२१ च्या फेब्रुवारीत आपला कॅप्टन निवडलं. त्यांच्या स्वतःच्या कागदावर ते वर्ष १६२० आहे. त्याच्या मृत्युपत्रावर तारीख आहे ७ मार्च १६५५. तो वारला ३ ऑक्टोबर १६५६ ला. पाहणाऱ्याला वाटतं, दीड वर्ष आधी मृत्युपत्र केलं. प्रत्यक्षात तो मार्च आपल्या हिशोबाने १६५६ चा, म्हणजे अंतर जेमतेम ७ महिने. स्टँडिशच्या बाबतीत यातून फार काही बिघडत नाही. पण कुणाच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९० आणि आईवडिलांचं लग्न जून १६९० असं दिसलं, की लोक लगेच पहिली बायको शोधायला निघतात. ती नसतेच. तो फेब्रुवारी लग्नानंतरचा असतो.

क्वेकर पंथाच्या नोंदींत महिन्यांची नावं नसतात, आकडे असतात, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च. हे विसरलं तर सगळ्या तारखा दोन महिन्यांनी सरकतात.

तपासणी ३: नावामागचे आणि नावापुढचे शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पैसे अजूनही लागत नाहीत.

सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बाप आणि लेक, असं आज आपण धरतो. त्या काळी या शब्दांचा अर्थ एवढाच होता की गावात या नावाचे दोघे आहेत आणि हा त्यातला थोरला किंवा धाकटा. ते काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील, नात्याचे नसतीलही. आणि हे बिरुद कायमचं नसे. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज नुसत्या नावाने लिहिला जाई, आणि त्याच्यामागे आणखी एखादा वाढत असेल तर हाच सीनियर होई. म्हणून १७३० चा ज्युनियर आणि १७५० चा सीनियर हा एकच माणूस असू शकतो.

नात्याचे शब्दही सरळ घेऊ नका. कझिन म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा. ब्रदर म्हणजे मेहुणा किंवा चर्चमधला बंधू. सन-इन-लॉ आणि डॉटर-इन-लॉ हे शब्द जावई आणि सून यांच्यासाठी होते, तसेच सावत्र मुलांसाठीही. स्टँडिशने आपल्याला दोन लाडक्या मुलींशेजारी पुरावं असं लिहून ठेवलं: मुलगी लोरा आणि डॉटर-इन-लॉ मेरी. इथे मेरी खरोखर त्याची सून होती. इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंगने त्याच शतकात आपल्या मृत्युपत्रात एका बाईला डॉटर-इन-लॉ म्हटलं. ती त्याची सावत्र मुलगी होती. या नोलिंगकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता हुद्दा. साताऱ्याकडच्या गावात निवृत्त सुभेदाराला मरेपर्यंत सुभेदारच म्हणतात, घरात, बाजारात आणि लग्नपत्रिकेतही. वसाहतींतही तेच होतं. एकदा कॅप्टन झालेला माणूस खरेदीखतात, चर्चच्या वहीत, थडग्याच्या दगडावर कॅप्टनच राही. वंशावळ करणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे, कारण कारकुनाला गावातल्या दोन सारख्या नावांना वेगळं करायला हुद्दा हीच सोयीची खूण होती. एका वहीत १७४२ साली एन्साइन अमुक आणि कॅप्टन अमुक असे दोघे असतील, तर दोन माणसं नक्की. हुद्दा सहसा वर चढतो, एन्साइन मग लेफ्टनंट मग कॅप्टन. तुमच्या यादीच्या चौथ्या रकान्यात माणूस १७३८ ला कॅप्टन, १७४१ ला बिनहुद्द्याचा आणि १७४५ ला एन्साइन दिसला, तर मधल्या आणि शेवटच्या नोंदी धाकट्याच्या असण्याची शक्यता दाट.

नेमणुकीचं वर्ष कुठे मिळेल हे वसाहतीवर अवलंबून. कनेक्टिकटमध्ये वसाहतीची असेंब्ली अधिकाऱ्यांना मान्यता देई, आणि मे आणि ऑक्टोबरच्या बैठकींच्या वृत्तांतात अमुक गावच्या तुकडीचा कॅप्टन अमुक अशी ओळ असते. १६३६ ते १७७६ चे हे वृत्तांत १५ खंडांत छापलेले आहेत आणि फुकट वाचता येतात. व्हर्जिनियात गव्हर्नर नेमणूक करी, आणि अधिकाऱ्याने काउंटीच्या कोर्टात शपथ घेतल्याची नोंद कोर्टाच्या वहीत सापडते.

तपासणी ४: तो नक्की कोणत्या फौजेत होता

लोक हताश होऊन येतात: राष्ट्रीय अभिलेखागारात सगळीकडे शोधलं, कॅप्टनची पेन्शनची फाइल नाही. नसणारच. अमेरिकेचं संघराज्यच १७७५ नंतर उभं राहिलं, त्यामुळे त्याआधीच्या मिलिशियाचे कागद त्याच्या अभिलेखागारात जमा होण्याचा प्रश्न नव्हता. ते त्या त्या वसाहतीच्या, म्हणजे आजच्या राज्याच्या दप्तरात असतात. मॅसॅच्युसेट्सचा जुना संग्रह ३२८ खंडांचा आहे आणि त्यात हजेरीपट, पगाराची बिलं आणि अर्ज आहेत. १७७५ नंतरच्या युद्धासाठी शोधत असाल तरी लक्षात ठेवा, युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० ला आग लागली आणि सुरुवातीचे कागद जळाले. मिलिशियात किमान ६ महिने सेवा केलेल्यांना पेन्शनची वाट खुली झाली ती १८३२ च्या कायद्याने, म्हणजे तोवर जिवंत असलेल्यांना.

हजेरीपट कधी तयार होई तेही समजून घ्या. गावच्या मैदानावरच्या कवायतीला वसाहत पगार देत नसे, म्हणून तिचे पट क्वचित उरले. पट उरतो तो पैसे द्यायचे असतात तेव्हा, म्हणजे मोहिमेवर गेलेल्या तुकड्यांचा. या मोहिमांसाठी वसाहती बऱ्याचदा वेगळी प्रांतीय पलटण उभी करत. मिलिशियातला लेफ्टनंट प्रांतीय पलटणीत कॅप्टन असू शकतो. जॉर्ज वॉशिंग्टनचा थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स १७४१ च्या कार्ताहेना मोहिमेत अमेरिकन रेजिमेंटचा कॅप्टन होता. परतल्यावर तो व्हर्जिनियाच्या मिलिशियाचं प्रशिक्षण पाहणारा अधिकारी, म्हणजे अॅडज्युटंट झाला. एका माणसाचे दोन फौजांतले दोन हुद्दे दिसले म्हणून लगेच त्याची दोन माणसं करू नका. उलटी चूकही मी केलेली आहे.

तपासणी ५: तेव्हाची हद्द

पाच मिनिटांचं काम. आज गाव ज्या काउंटीत आहे, तिथेच कागद शोधणं हा नेहमीचा दोष. मॅसॅच्युसेट्समधली वुस्टर काउंटी १७३१ साली झाली. त्याआधीचं मृत्युपत्र शेजारच्या जुन्या काउंटीत. व्हर्जिनियातली वेस्टमोरलँड १६५३ साली नॉर्थम्बरलँडमधून निघाली. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. हद्द सरकली आणि घर जागेवर राहिलं, तर एकच माणूस न हलता दोन काउंट्यांच्या वह्यांत सापडतो.

तपासणी ६: मृत्युपत्रं आणि खरेदीखतं

आता कष्ट सुरू होतात. फॅमिलीसर्चने २०२४ पासून हाताने लिहिलेल्या अमेरिकन जमीन आणि वारसा कागदांत शब्दशोध सुरू केला आहे. माझ्यासारख्या माणसाला हे वरदान आहे, कारण साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आलेलं नाव पूर्वी सापडतच नसे. मात्र यंत्राने वाचलेल्या मजकुरावर निष्कर्ष काढू नका. मूळ पानाचं चित्र उघडून वाचा.

वारशाचा कायदा माहीत असला की कागद जास्त बोलतो. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये मृत्युपत्र न करता माणूस गेला तर थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा आणि विधवेला तिसरा भाग. त्यामुळे वाटणीपत्रात दोन हिस्से कुणाला मिळाले ते पाहिलं की थोरला कळतो. व्हर्जिनियात १७८५ पर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. त्याला जमीन आधीच मिळालेली असे किंवा आपोआप मिळणार असे, म्हणून बापाच्या मृत्युपत्रात पुष्कळदा त्याचं नावही नसतं. नाव नाही म्हणून त्याला मुलगा नव्हता, असं ठरवू नका.

मालमत्तेच्या यादीत बंदूक आणि तलवार दिसली की अधिकारी सापडल्याचा आनंद होतो, पण कायद्याने साध्या शिपायालाही स्वतःचं शस्त्र आणि दारूगोळा ठेवावा लागे. यादीच्या मथळ्यावर कॅप्टन लिहिलं आहे का, ते महत्त्वाचं.

आमच्या घरचं कोडं इथेच सुटलं. वृक्षात एकच कॅप्टन, दोन बायका, १७ मुलं. मी त्या नावाची सगळी खरेदीखतं एका टेबलावर मांडली, एकूण २३. एका रात्री उशिरा लक्षात आलं की ११ कागदांच्या तळाशी नावाच्या मधोमध एक आडवी-उभी रेघ आहे आणि वर लिहिलं आहे की ही याची खूण. बाकी १२ वर सरळ सही. काउंटीच्या वहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल, मूळ सही नव्हे, म्हणून अक्षराचं वळण जुळवण्यात अर्थ नसतो. पण खूण करणाऱ्याची खूणच नकलली जाते. सही करणारा म्हातारपणी हात थरथरल्याने खुणेवर येऊ शकतो. इथे मात्र दोन्ही प्रकार तीस वर्षं समांतर चालले होते. मग सहीवाल्याच्या कागदांवरचा ज्युनियर शब्द एका वर्षानंतर गायब झाला, आणि खूणवाल्याच्या मालमत्तेची यादी त्याच वर्षाची निघाली. काका आणि पुतण्या. कॅप्टन होता तो पुतण्या. सुनेच्या वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं ते भलत्याच माणसाच्या थडग्यावर फुलं ठेवत होते.

आणखी एक कागद जरूर बघा. १९ डिसेंबर १६७५ ला तिथल्या मूळ रहिवासी नॅरागॅन्सेट जमातीविरुद्ध झालेल्या ग्रेट स्वॉम्पच्या लढाईत आणि त्या नॅरागॅन्सेट मोहिमेत गेलेल्यांना, किंवा त्यांच्या वारसांना, मॅसॅच्युसेट्सने १७३० च्या दशकात ७ नवी गावं वसवायला दिली, प्रत्येकी १२० हक्कदार. तोवर मूळ सैनिक बहुतेक वारलेले होते, त्यामुळे हक्कदारांच्या यादीत अमुक हा आपल्या बापाच्या किंवा आजोबाच्या हक्काने असं लिहिलेलं सापडतं. साठ वर्षांचं अंतर एका ओळीत जोडणारा असा कागद वसाहतकाळात दुर्मीळ आहे.

तपासणी ७: भाऊबंद, शेजारी आणि समुद्रापलीकडचा दुवा

एका माणसाच्या नावावर शोध संपला, की त्याच्याभोवतीची माणसं धरा. बहिणी, मेहुणे, धर्मपुत्र, साक्षीदार. हे काम किती मोलाचं आहे ते वॉशिंग्टन घराण्यातच दिसतं.

जॉर्ज वॉशिंग्टनचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५६-५७ च्या सुमारास सीहॉर्स नावाच्या जहाजावरून व्हर्जिनियात आले. पुढे ते वेस्टमोरलँडच्या मिलिशियाचे कर्नल झाले. इंग्लंडमधले ते कोण, याचा शोध लंडनचे राजचिन्हाधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ मध्ये घेतला आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना पत्र लिहिलं; १७९२ मध्ये उत्तरही आलं. हर्ड यांना नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हच्या घराण्यात जॉन आणि लॉरेन्स अशी दोन भावांची जोडी मिळाली. व्हर्जिनियात आलेल्या भावांची नावंही जॉन आणि लॉरेन्स. जुळलं, आणि ७० वर्षांहून जास्त काळ तेच छापलं जात राहिलं.

१८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी दाखवून दिलं की तो जॉन पुढे सर जॉन झाला आणि इंग्लंडमध्येच राहिला, आणि तो लॉरेन्स धर्मगुरू झाला. मग खरे कोण? हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये ते सोडवलं, मृत्युपत्रांच्या ढिगातून. नोलिंगच्या मृत्युपत्रात धर्मपुत्र लॉरेन्स वॉशिंग्टनला जमीन होती, आणि त्याची आई अॅम्फिलिस ही ती डॉटर-इन-लॉ. तिच्या मुलांत जॉन होता आणि मार्थाही. अॅम्फिलिसच्या मालमत्तेचा कारभार १६५५/५६ च्या फेब्रुवारीत मुलगा जॉनकडे आला, त्यानंतर वर्षभरातच जॉन व्हर्जिनियात दिसतो. व्हर्जिनियातल्या कर्नल जॉनच्या १६७५ च्या मृत्युपत्रात बहीण मार्था आहे. अॅम्फिलिसचा नवरा म्हणजे एसेक्समधल्या पर्लेचा धर्मगुरू लॉरेन्स, तोच जो हर्ड यांना भाऊ म्हणून सापडला होता. घराणं बरोबर होतं. पिढी एकाने चुकली होती. काकाला पुतण्याच्या जागी आणि बापाला मुलाच्या जागी बसवलं गेलं होतं. शिवाय त्याच काळात व्हर्जिनियाच्या सरी काउंटीत आणखी एक जॉन वॉशिंग्टन राहत होता, त्याच्या नोंदीही अधूनमधून कर्नलच्या नावावर चढतात.

यासाठी लागणारी मृत्युपत्रं आज लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: कँटरबरीच्या वारसा कोर्टाची, १३८४ ते १८५८. चर्चच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण १६४२ ते १६६० च्या धामधुमीत पुष्कळ ठिकाणी खंड पडला. म्हणून नुसत्या बाप्तिस्म्यावर विसंबू नका. सारखं नाव आणि साधारण सारखं वर्ष, एवढ्यावर दोन माणसं एक होत नाहीत. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा एक तरी कागद हवा.

तपासणी ८: डीएनए

पैसे लागतात आणि अपेक्षा फार असतात, म्हणून शेवटी. नेहमीची थुंकीची चाचणी ९-१० पिढ्यांमागच्या कॅप्टनपर्यंत सहसा पोचत नाही. इतक्या मागच्या पूर्वजाचा ओळखू येईल असा अंश बहुतेक वंशजांत उरतच नाही. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून दोन शाखांतल्या अखंड पुरुष-वंशजांची तुलना केली तर त्या शाखांचा पुरुषपूर्वज एक होता की नाही ते कळतं. काका-पुतण्यांत फरक करायला मात्र ती कामाची नाही, कारण दोघांचा वाय एकच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काउंटीचं कोर्ट जळालेलं असेल तर. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांच्या वह्या १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत गेल्या. अशा ठिकाणी शेजारच्या काउंट्या, चर्चच्या वह्या आणि कराच्या याद्या यांतून माणूस उभा करावा लागतो, तो रोजचा सराव असलेल्याचं काम आहे.

कागद १६५० पूर्वीचा इंग्लिश असेल आणि जुन्या कोर्टी वळणाचा किंवा लॅटिन असेल तर. एक शब्द चुकीचा वाचला की सावत्र मुलगी सून होते.

वंशज-संस्थेत, म्हणजे जुन्या पूर्वजाचे वंशज असल्याचा पुरावा दिल्यावर सभासद करून घेणाऱ्या संस्थेत, अर्ज करायचा असेल आणि तुमचा निष्कर्ष त्यांनी आधी मान्य केलेल्या वंशावळीविरुद्ध जात असेल तर.

आणि जिथे पुरावाच थांबला आहे तिथे. माइल्स स्टँडिशने मृत्युपत्रात लँकशायर आणि आइल ऑफ मॅनमधल्या, आपल्यापासून हिरावलेल्या जमिनींची नावं दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जमिनी ऑर्मस्कर्कच्या स्टँडिश शाखेशी जुळवल्या गेल्या. तरीही त्याचे आईवडील कोण, यावर अजून वाद आहे. तुमच्या कॅप्टनचंही तसंच असेल, तर तिथे प्रश्नचिन्ह लिहा आणि पुढची पिढी मोकळी ठेवा.

मानचिन्हासकट तयार वंशावळ विकणाऱ्याकडे जाऊ नका. गुस्ताव अंजू नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकन घरांना अशा खोट्या वंशावळी विकल्या, आणि त्यातली खोटी नावं आजच्या वृक्षांत अजून फिरताहेत. प्रमाणित वंशावळकारांची यादी १९६४ पासून काम करणाऱ्या त्यांच्या प्रमाणन मंडळाकडे मिळते.

जाणकाराला भेटताना तुमची चार रकान्यांची यादी द्या, कोणत्या वह्या कोणत्या वर्षांसाठी पाहून झाल्या ते लिहून द्या, आणि काही न सापडलेल्या वह्याही त्यात घ्या. प्रश्न एकच विचारा आणि तो नेमका असू द्या: १७४५ चा एन्साइन आणि १७५६ चा कॅप्टन हा एकच माणूस आहे का? तासांची मर्यादा आधी ठरवा, दहा तासांपासून सुरुवात करा, आणि काही हाती लागलं नाही तरी कुठे शोधलं त्याचा लेखी अहवाल मिळेल, हे काम देण्याआधीच कबूल करून घ्या.